साडूचं वीतभर

दार लोटून घ्या आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय, वायरमन आहे तो. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा. फक्त त्याच्या साडूसमोर विचारू नका.

साडूनं तळ्यापलीकडे दोन एकर शेत घेतलं आणि याच्या पोटात दुखायला लागलं. सभ्य शब्द कशाला वापरू, जळत होता. बायको बहिणीकडून भाजीची पिशवी घेऊन आली की याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "त्याला शेत आणि आपल्याला जुड्या?"

मग कळलं, साडूला लागूनच दोन एकर विकायचे आहेत. मालकीण शिवणकाम करायच्या, नवरा वारलेला. महिनाभर हा त्यांच्या मशीनसमोर स्टुलावर बसून घासाघीस करत होता. शेवटी बाई म्हणाल्या, "भाऊ, भाव आता उतरायचा नाही. घ्यायचं तर घ्या, नाहीतर स्टूल मोकळं करा."

बुधवारी खरेदीखत ठरलं. मंगळवारी रात्री साडेनऊला हा टेप आणि बॅटरी घेऊन शेतात गेला. कशाला? साडूपेक्षा आपलं जास्त भरतंय का बघायला. मोजलं. पुन्हा मोजलं. दोन्ही शेतं सारखी. माणसाला आनंद व्हावा की नाही? हा मटकन मधल्या बांधावर बसला.

तेवढ्यात... खट्.

कुदळीचा आवाज. बॅटरी फिरवली. एक म्हातारा वाकून बांध कोरत होता. साडूच्या बाजूनं.

"कोण हो?"

"इथलाच." खट्. "किती पाहिजे?"

हा चाचरला. पण हाव वाईट. "वीतभर."

"साडूचं काढू?"

म्हाताऱ्याला साडू कसा माहीत, हेही याला सुचलं नाही.

"काढा."

कुदळ थांबली. बॅटरी विझली. अंधारात कुणीतरी वितीनं मोजायला लागलं. एक... दोन... तीन... जमिनीवर नाही. उभं. आवाज खालून वर चढत होता.

"आठ भरतात," म्हातारा म्हणाला. "सात पुरे."

हा पळत सुटला.

सकाळी सही करताना त्यानं बाईंना सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. "कुदळ होती हातात?"

"होती."

"आमचे हे... जन्मभर दुसऱ्याचे बांध कोरले. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन." आणि भराभर सही करून त्या उठल्या.

हा तसाच शेतात गेला. बांध होता तिथंच. ढेकूळही हललेलं नाही. जीव भांड्यात पडला त्याचा. स्वप्नच म्हणाला.

रविवारी सासऱ्यांनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं. हा आधी पोचला. साडू म्हणजे ताडमाड माणूस, लग्नापासून त्या घरात मान वाकवूनच शिरायचा.

बाहेर चपला वाजल्या. साडू आला. पँट खाली दोनदा दुमडलेली. तो सरळ आत आला... ताठ. उंबऱ्यावर थबकला. वर बघितलं.

"मामा," तो म्हणाला, "दार उंच केलंत का हो?"