हनुवटी थोडी खाली

ही घटना खरी आहे.

प्रत्येक भयकथेच्या सुरुवातीला असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून मी आजवर तुच्छतेनेच हसत आलो. तीच अमावास्या, तोच पिंपळ, तीच पांढऱ्या साडीतली बाई. लिहिणाऱ्यांना दुसरं काही सुचत नाही. आता मीच लिहायला बसलो आहे, आणि मला नीट सांगता येईल की नाही याची शंका आहे. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांना पुस्तकं काढून दिली. स्वतः कधी चार ओळी लिहिल्या नाहीत.

रात्र नव्हती. गेल्या फेब्रुवारीतली दुपार होती, रखरखीत. सावेडीतलं गनीभाईंचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान.

मला कॅमेरा हवा होता तो माझ्या बहिणीसाठी.

साळूबाई, माझी थोरली अक्का. सोनईला मुलाकडे असते... असायची. डॉक्टरांनी त्या मुलाला, माझ्या भाच्याला गहिनीनाथला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता जे खायचं ते खाऊ द्या. अक्काला ते न सांगताच समजलं. तिनं मला फोन केला.

"आदू, माजा एक फोटू काढ. भितीवर लावायचा."

भाऊजी गेले तेव्हा घरात त्यांचा धड फोटो नव्हता. मतदान कार्डावरचा मोठा करून लावला. डोळे वटारलेले, तोंड वाकडं.

"इतकी वर्सं संसार केला," अक्का म्हणाली, "पन भितीवरचा मानूस मला वळखूच येत न्हाई. माजं तसं नगं करू."

गहिनीनाथनं मोबाईलवर काढून पाहिला होता. मोबाईलनं सुरकुत्या पुसल्या, रंग उजळला, ओठ गुलाबी केले.

"ही कोन गोरी बाई?" अक्कानं विचारलं म्हणे.

त्या यंत्रांबद्दल मला काय वाटतं ते इथे लिहीत नाही. जे दिसतं ते जसंच्या तसं द्यायची ज्याला लाज वाटते, त्याला मी कॅमेरा म्हणणार नाही. मला छोटा, हलका कॅमेरा हवा होता, कारण माझे हात थरथरतात. प्रकाश आणि वेग हातानं ठरवता येणारा हवा होता. तसले आता जुनेच मिळतात.

गनीभाईंनी आधी एक गुलाबी डबी पुढे केली.

"हा घ्या सर. काहीच करावं लागत नाही. दाबलं की झालं."

"मला करावं लागणारा हवाय," मी पुटपुटलो.

"तुम्ही जगावेगळेच बघा, सर!"

दुसऱ्याची लेन्स मी उजेडाकडे धरली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. "तेवढं चालतंय," गनीभाई म्हणाले. मनात पुष्कळ आलं. कॅमेरा तेवढा परत काउंटरवर ठेवला. मी कधीच बोलत नाही.

तिसरा काळा होता. पकडायची जागा झिजून चकचकीत झालेली. वरच्या चकतीवरची सगळी अक्षरं पुसट, फक्त 'एम' ठळक. एम म्हणजे सगळं हातानं. लेन्स स्वच्छ. मी तो डोळ्यांसमोर धरला, रस्त्यावरच्या रिक्षावर रोखला...

"च्च."

अगदी उजव्या कानामागे.

पाढा चुकला की मास्तर करतात, तसा आवाज. हळू. पण त्यात इतका तुच्छपणा की माझे कान तापले.

मी गनीभाईंकडे पाहिलं. त्यांच्या ओठांना बशी लागलेली होती.

"काय म्हणालात?"

"मी? मी चहा पितोय सर."

दुकानात तिसरं कुणी नव्हतं.

"हा कुणाचा?"

"सुप्याच्या एका स्टुडिओवाल्याचा. लई तिरसट माणूस. नवरीला पण ओरडायचा. म्हणायचा, नीट उभी राहा, मी फोटो काढतोय, रेशनकार्ड नाही. वारला बिचारा. बायकोनं आणून टाकला." ते जरा थांबले. "आधीच सांगून ठेवतो, नंतर शिव्या नको. दोघांनी नेला, दोघांनी परत आणला."

"का?"

"चकती ऑटोवर राहत नाही. ठेवा, जरा वेळानं बघा... एमवर."

"सैल झाली असेल."

मी चकती फिरवून पाहिली. सैल नव्हती. चांगली घट्ट होती. अंगठ्याला जोर लावावा लागला.

मी तोच घेतला. मला तरी एमच हवा होता. स्वतःला फार शहाणा समजलो त्या दिवशी.

घरी सराव सुरू केला. अंगणातली भिंत, शेजाऱ्यांची स्कूटर, लिंबाचं झाड.

दर वेळी, बटण दाबायच्या क्षणभर आधी...

"च्च."

वय झालं, कान वाजत असतील, असं मी ठरवलं. शिवाय मला ते पटतही होतं. माझे फोटो त्याच लायकीचे होते.

मग मी भिंतीचा फोटो संगणकावर मोठा करून पाहिला.

भिंतीमागे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसत होती. पूर्ण.

मी पुन्हा अंगणात त्याच जागी जाऊन उभा राहिलो. टाकी दिसत नव्हती. टाचा उंचावल्या. नाही. आतून स्टूल आणलं, त्यावर चढलो...

तेव्हा दिसली.

मी बुटका माणूस आहे. तो फोटो माझ्या उंचीवरून काढलेला नव्हता.

कॅमेरा तेव्हाच परत करायला हवा होता. पण अक्काचा रोज फोन. "कवा येतूस? दम लागतोय रं आता." दुसरा शोधायला वेळ नव्हता. आणि लेन्समधला एखादा दोष असेल, मला काय समजतं, असंही वाटत होतं.

मी एसटीनं सोनईला गेलो. सकाळची वेळ. गहिनीनाथच्या बायकोनं, ज्ञानेश्वरीनं, अक्काचे केस विंचरून तिला ठेवणीतलं लुगडं नेसवलं होतं. दारातून येणारा उजेड चेहऱ्यावर पडेल अशी मी खुर्ची मांडली.

"मामा, एवढा डबा इकत आनला?" गहिनीनाथ हसला. "मोबाईलवर काढला असता की एका मिनटात."

"तू गप ऱ्हा," अक्का म्हणाली. "तुज्या मोबाईलनं माजी हिरोईन केली."

मी प्रकाश ठरवला. वेग ठरवला. कॅमेरा उचलला.

"च्च."

अक्कानं मान वर केली.

"कोन रं त्यो?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या उजव्या खांद्याच्या वर, मागे बघत होती.

"कुठं कोन, आई?" गहिनीनाथ म्हणाला. मग मला हळूच, "औषधांनी व्हतंय मामा, मनावर घेऊ नका."

"आदूसंगं आलाय की. उंच हाय." अक्कानं पदर सारखा केला. परक्या माणसासमोर करतात तसा. "हनुवटी थोडी खाली घ्या म्हनतोय. घिऊ का रं?"

माझ्या मानेवर गार वाटलं. मागे वळायला हवं होतं. गहिनीनाथला हाक मारायला हवी होती. पण अक्काचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. शांत. सगळं ठीक होणार आहे, असा.

"घे," मी म्हणालो.

तिनं हनुवटी खाली घेतली. हसली.

शटरचा आवाज झाला.

माझं बोट बटणावर टेकलं होतं. दाबलं नव्हतं.

मी कानात प्राण आणून थांबलो...

काहीच नाही. पहिल्यांदाच, मागे कुणी काही म्हणालं नाही.

फोटो मी आधी अक्काला दाखवला. तिनं पडदा डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ पाहिलं.

"मीच हाय," ती म्हणाली. "आदू, ही मीच हाय."

नजर थेट समोर. सुरकुती न् सुरकुती. इतका खरा चेहरा मी कुठल्याही छापील पुस्तकात पाहिलेला नाही.

फक्त फोटोच्या डाव्या कडेला एक टकलं डोकं होतं. पाठमोरं. एक कान, आणि वर उचललेले, कॅमेरा धरलेले दोन हात.

ते हात माझे होते.

"टायमर लावला व्हता काय मामा?" गहिनीनाथनं विचारलं. मी मान हलवली. हो की नाही, कुणास ठाऊक. त्यानं फोटोतून मला कापून टाकलं आणि फोटो मोठा करून आणला.

अक्का होळीच्या आधी गेली. दहाव्याला आलेले लोक फोटोसमोर थांबून म्हणत होते, "भावाकडं बघून किती मायेनं हसलीय."

मी फोटोच्या कापलेल्या डाव्या कडेकडे बघत होतो.

कॅमेरा कपाटात ठेवला. बॅटरी काढून. परत द्यायला दुकानात गेलो होतो. गनीभाईंनी माझा चेहरा पाहिला आणि हात जोडले. "माफ करा सर, तिसऱ्यांदा नाही."

मागच्या आठवड्यात ज्ञानेश्वरीला अक्काचा फोटो फोनवर हवा होता. मी बॅटरी घातली. अक्काचा फोटो आला.

त्याच्या पुढे आणखी एक फोटो आहे.

सावेडीतली माझी खोली. माझी खुर्ची. मांडीवर पुस्तक आहे आणि मी मान वर करून समोर बघतो आहे. कुणीतरी हाक मारल्यावर बघतात तसा.

मला कुणी हाक मारलेली आठवत नाही. खोलीत मी एकटाच असतो. आणि ते पुस्तक मी अक्का गेल्यानंतर, कॅमेरा कपाटात गेल्यावर आणलेलं आहे.

मी पुसायला गेलो. बोट थांबलं. कारण फोटो चांगला आहे. माझा इतका चांगला फोटो कुणी काढलेला नाही. त्यात मी घाबरट दिसत नाही, हास्यास्पद दिसत नाही.

काल गहिनीनाथचा फोन होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाला, "मामा, राग मानू नका. पन तुमचाबी एक चांगला फोटू काढून ठिवला पायजे. आईचं बगून वाटलं. येऊ का रविवारी?"

"नको," मी म्हणालो. "आहे."

"कवा काढला? कुनी?"

मी फोन ठेवून दिला.