खिशात राहिलेली पायडलं

"अगं आई गं… आता हे खोकं परत उघडायचं?"

टोरांटोच्या विमानतळावर, मोठ्या सामानाच्या काट्यासमोर यामिनी मोठ्यांदा बोलून गेली, आणि मागून आवाज आला, "किती जास्त भरलं?"

मराठी! ती गर्रकन वळली. निळं जॅकेट, पावसाने भिजलेले केस आणि हातात बॅगा तोलायचा लटकता काटा. हा जयदीप. नागपूरला निघालेल्या मावशीला सोडून घरी चालला होता बिचारा.

"अडीच किलो," यामिनी म्हणाली. "सायकलचे पैसे वेगळे, वजनाचे वेगळे. एवढ्यात दुसरी सायकल येते, अहो!"

"मग घ्या ना दुसरी."

"वा! मोठे शहाणे."

"शहाणा आहे म्हणूनच विचारतो… आत फक्त सायकलच आहे ना?"

यामिनीने खोक्याची टेप सोडवली. आता एवढ्या मोठ्या खोक्यात रिकामी जागा दिसल्यावर कुठली मराठी मुलगी ती तशीच सोडेल, सांगा बरं? चाकांच्या मधे गोधडी, दांड्याखाली गोड्या मसाल्याचा डबा, सीटमागे पोह्यांची दोन पाकिटं… काउंटरवरची बाई एकेक वस्तू बाहेर येताना बघत होती आणि जयदीप ओठ दाबून हसत होता.

"हसू नका हं!"

"नाही हो. फक्त लोणचं कुठे दिसत नाही, म्हणून काळजी वाटली."

यामिनीलाही हसू फुटलं. पण डोळे मात्र भरून आले होते तिचे. कराडला तिच्या वडिलांचं, अण्णांचं, सायकलचं दुकान होतं. पाच वर्षांपूर्वी ती इकडे शिकायला निघाली तेव्हा अण्णांनी ही काळी सायकल स्वतः जोडली, स्वतः खोक्यात बांधली. विमानाचं भाडं ऐकून सगळं घर त्यांना वेड्यात काढत होतं. "माझी पोरगी तिकडे पायपीट करणार नाही," एवढंच ते म्हणाले. गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले, आणि पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, कागदपत्रांपायी यामिनीला जाता आलं नाही. आता कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, हॅलिफॅक्सला नोकरी लागली होती. ही सायकल मागे सोडून ती कशी जाणार होती?

हे सगळं तिने त्या अनोळखी मुलाला दोन मिनिटांत सांगून टाकलं. का, ते तिलाही कळलं नाही. त्याचं हसू मावळलं. मसाला आणि पोहे त्याने आपल्या पिशवीत टाकले, गोधडी तिच्या खांद्यावर ठेवली, तरी काटा अर्धा किलो जास्तच दाखवत होता.

"हे फडक्यात काय बांधलंय?"

"पायडलं. पोलादी आहेत, अण्णांच्या हातची. द्या इकडे, पर्समध्ये ठेवते."

"थांबा, आधी टेप लावून घेतो," म्हणत त्याने ते गाठोडं खिशात टाकलं. टेप लागली, पैसे भरले, खोकं गेलं. शेवटची सूचना ऐकू आली आणि यामिनी गोधडी सावरत धावत सुटली. वळून तिने हात केला, त्यानेही केला. काय वेंधळी असतात माणसं!

हॅलिफॅक्सला खोकं उघडल्यावर तिच्या लक्षात आलं. त्या परक्या खोलीत, खिडकीबाहेर धुकं दाटलेलं असताना, ती बिनपायडलांच्या सायकलजवळ बसून ढसाढसा रडली. त्या मुलाचं आडनावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"तुमचं लोखंड माझ्या खिशात आहे."

"अगं बाई! पण… माझा नंबर?"

"खोक्याच्या तीन बाजूंना एवढा मोठा लिहिला होतात. न वाचायला मी आंधळा आहे का?"

मग रोजच फोन वाजू लागला. गोड्या मसाल्याची आमटी कशी करायची इथपासून सुरुवात झाली. 'अहो' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"यामिनी, तिकडे दुकानात पायडलं मिळत असतील ना?"

"मिळतात की."

"मग घेतलीस?"

"…नाही."

"कुरिअर करू?"

"नको… हरवली तर?"

"मग एकच उपाय आहे," तो हळूच म्हणाला. तिने 'कुठला' असं विचारलं नाही. घराचा पत्ता तेवढा सांगितला.

शनिवारी तो दारात उभा. "सिक्युरिटीवाल्यांनी बाजूला घेतलं. म्हणे, पायडलं आहेत तर सायकल कुठेय? म्हटलं, मालकिणीपाशी."

"दोन पायडलांसाठी विमानाचं तिकीट काढलंस? वेडा आहेस का तू?"

"तुझे अण्णा होते तितकाच."

यामिनीने सायकल पुढे आणली. तो पाना घेऊन खाली बसला, उजवं पायडल लावलं, आणि डावं लागेना तर जोर करू लागला.

"अरे थांब, आटे जातील! डावं उलटं फिरतं. दोन्ही पायडलं पुढच्या चाकाकडे फिरवायची असतात." अण्णांचंच वाक्य होतं ते, आणि सूरही त्यांचाच. तिने त्याच्या हातावर हात ठेवून पाना फिरवला. पायडल अलगद आत बसलं, पण हात कुणीच काढला नाही.

"यामिनी, मला तू आवडतेस… विमानतळावरच आवडलीस."

"मग तेव्हाच सांगायचंस."

"तेव्हा तू धावत होतीस."

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर दोन वर्षांनी लग्न करून यामिनी जयदीपबरोबर टोरांटोजवळच्या व्हिटबीला राहायला निघाली, तेव्हा सायकल पुन्हा खोक्यात गेली, आणि काटा पुन्हा जास्त दाखवू लागला. खोकं उघडलं. या खेपेला आत लोणचंही होतं. पायडलं ठेवायला जयदीपने तिच्या पर्ससाठी हात पुढे केला, पण यामिनीने फडक्यातलं गाठोडं उचललं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या जॅकेटच्या खिशात ठेवलं.

"राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "अण्णांना चाललं असतं."