बंद दाराला लावलेलं कुंकू

समता कॉलनीत परवा रात्री दहाच्या सुमारास लाइट गेली. पांडुरंगकाका जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसले, तशी गल्लीतली पोरंही त्यांच्याभोवती जमली. एरवी ह्या पोरांना म्हाताऱ्याकडे बघायला सवड नसते. अंधार झाला, मोबाइलची बॅटरी संपत आली, की बरोबर आठवण होते.

"काका, कोई भूतवाली सुनाओ न," देवश्री म्हणाली. तिला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच.

"भूतवाली येत नाही मले," काका म्हणाले. "घडलेली येते. आपल्या वरच्या मजल्यावरच्या कौमुदीची. तिनंच सांगितली मले. अन् आवाज हळू. खिडकी उघडी आहे तिची."

सगळ्यांनी वर पाहिलं. खिडकीत मेणबत्ती जळत होती.

मग काकांनी सांगितली ती ही गोष्ट.

मागच्या वर्षीची रथसप्तमी. मंगळवार होता. कौमुदी सकाळीच गोल बाजारात हळदीकुंकवाचं वाण घ्यायला गेली. कुणी चाळणी देतं, कुणी प्लास्टिकची डबी. हिनं घेतले शाळेचे स्टीलचे डबे, आत तीन खण, वरून पक्क्या क्लिपा.

"दीदी, हल्दी-कुमकुम में इतना महँगा कोई नहीं देता," दुकानदार म्हणाला.

"इसीलिए तो दे रही हूँ," कौमुदी म्हणाली.

ह्या एका उत्तरात बाई अख्खी आली.

शिशिरची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, नागपूरहून रायपूरला बदली झाली तेव्हा पहिला फोन सुनीतीचा आला. सुनीती म्हणजे कौमुदीची मोठी जाऊ, तिचं घर इथंच समता कॉलनीत. "आमच्या मागच्या गल्लीत मकान खाली होऊन राहिलं," सुनीती म्हणाली. "दवाखाना जवळ, भाजीवाला दारात. ईराले आमच्या वरदच्याच शाळेत टाकू. मी बोलते तिथल्या मॅडमशी."

बोलणं सरळ होतं, मायेचं होतं. कौमुदीला ते मिरचीसारखं झोंबलं. मागच्या गल्लीत! वरदच्या शाळेत! आणि तेही सुनीतीच्या ओळखीनं! लग्न होऊन घरात आल्यापासून ती जणू सुनीतीच्या मागच्याच गल्लीत राहत आली होती. सुनीतीचा लाडू खुसखुशीत, सुनीतीची रांगोळी रेखीव, सुनीतीचा वरद पहिला. सासूबाई डोळे मिटेपर्यंत हेच बोलत राहिल्या. कौमुदीनं ते सगळं गिळलं होतं, पण पचवलं नव्हतं.

मग शिशिरनं घरं दाखवायची आणि हिनं नाक मुरडायचं, असं सुरू झालं. जे घर सुनीतीला आवडे त्यात हिला ओल दिसे. जी शाळा सुनीती चांगली म्हणे तिथली फरशी हिला कळकट वाटे. शेवटी पसंत पडला तो शहराबाहेर वसवलेला नवा रायपूर. मोकळे रस्ते, दुतर्फा झाडं, आणि एक टोलेजंग शाळा. शाळेत पोहायचा तलाव होता. घोडे होते. ईरा पाण्याला भीत होती आणि घोड्याला त्याहून जास्त, पण तिला कोण विचारतो?

"माणसं कुठं आहेत इथं?" शिशिरनं विचारलं.

"येतील," एजंट म्हणाला.

घर जोडघर होतं. मधली भिंत एक, गच्चीला मधे कमरेएवढा कठडा. शेजारच्या अर्ध्याला दिवसभर कुलूप असे, पण संध्याकाळी स्वयंपाकघरात पिवळा दिवा दिसे. कौमुदीनं स्वतःच ठरवून टाकलं की बाई मंत्रालयात नोकरीला असणार. बाई कधी समोर आली नाही. पण तिच्या गच्चीच्या दोरीवर रोज शाळेचा एक ड्रेस वाळत असे. ईराच्याच शाळेचा, ईराच्याच मापाचा.

आणि पांढरा किती!

ईराची कॉलर घासूनघासून विरली तरी पिवळीच. कौमुदीनं साबण बदलला, नीळ बदलली, कामवाली बाईसुद्धा बदलली. शेजारची कॉलर रोज तशीच, आज दुकानातून आणावी तशी.

संध्याकाळी भिंतीपलीकडून पोरीचा आवाज येई. पाढे. तेही मराठीत. "बे एके बे, बे दुणे चार…" खणखणीत. कौमुदीच्या जिवाचा संताप होई. ती ईराला भिंतीपाशी उभी करी. "ऐक! ऐक कशी म्हणून राहिली!"

"मम्मा, मुझे टू का टेबल आता है," ईरा म्हणे. "ये बे-बे क्या होता है?"

एकच गोष्ट कौमुदीला दिलासा देई. पलीकडची पोर बेच्याच पाढ्यावर होती. बे दाहे वीस झालं की गप्प. तिनाचा कधी सुरूच होत नसे. "पुढं काही सरकत नाही पोट्टी," ती शिशिरला समाधानानं सांगे.

"कोणाची पोट्टी?" टीव्हीवरची नजर न काढता शिशिर म्हणे, आणि तिथंच ते बोलणं संपे.

आता रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला कौमुदीचे बेत दोन होते. सुनीतीला घर दाखवून गार करायचं, हा पहिला. शेजारणीला बोलवायचं, हा दुसरा. कारण आपल्यात वाण घेतलं की घेणारीला परत बोलावणं करावंच लागतं. तिनं एकदा बोलावलं की तिचं घर आतून बघता येणार होतं. कोणता साबण वापरते तेही कळणार होतं.

दुपारी ती बोलावणं करायला गेली तर दाराला नेहमीचं कुलूप. अशा वेळी जुन्या बायका काय करत? चौकटीला हळदीकुंकवाचं बोट लावून येत. घरची बाई परतली की समजे, कुणीतरी बोलावून गेलं. कौमुदीनं तेच केलं. करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि चौकटीवर टेकवलं. कुलपाकडे तिनं नीट पाहिलंसुद्धा नाही. तिचं लक्ष खिडकीच्या पडद्यांकडे होतं.

संध्याकाळी समता कॉलनीतल्या बायका दोन गाड्या भरून आल्या. सुनीतीनं घर पाहिलं, मनापासून म्हणाली, "लय मस्त घर आहे हो कौमुदी. हवा किती येऊन राहिली!"

कौमुदी सुखावली. पण सुनीतीचं बोलणं संपलं नव्हतं. "पण बाजूच्या दाराले कुंकू काहून लावलं वं कोणी? कुलूप गंजून गेलं त्याचं. जाळं धरलं आहे कडीले."

"मीच लावलं ताई. बाई नोकरीवाली आहे. सगळ्यांलेच दिवसभर घरी बसणं जमत नाही."

सुनीतीनं तो टोमणा ऐकून सोडून दिला. "मी गेटवरच्या गार्डले विचारलं. तो म्हणे, उहाँ कोनो नइ रहय. कोणीच राहत नाही तिथं."

"गार्डले काय समजते? दिवसभर झोपून राहते तो. तिची पोट्टी ईराच्याच शाळेत आहे."

सुनीती बाकीच्या बायकांत जाऊन बसली. जळते, कौमुदी मनात म्हणाली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर बरं वाटलं.

एक गाडी लवकर परतली होती. राहिलेल्या बायकांना सोडायला शिशिर आपली गाडी घेऊन निघाला, कारण तिकडे रात्रीची बस मिळत नाही. जाऊन यायला दीड तास धरा. ईरा वरच्या खोलीत झोपली होती. ताटात हळद, कुंकू, थोडा तिळगूळ. आणि एक डबा उरला होता.

साडेनऊ वाजले असतील. कौमुदीनं पुढचं दार लावलं. कडी घातली.

वळली.

बाई सोफ्यापाशी उभी होती.

साधी सुती साडी. निऱ्या अशा की इस्त्रीच्या दुकानातून उठून आल्यासारख्या. गळ्यात दोरीला शाळेचं पालकांचं कार्ड, पोराला न्यायला जाताना घालतात ते. कार्ड कोरं होतं. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"कुंकू लावून गेल्या होत्या तुम्ही," बाई म्हणाली. "यायलेच लागते."

दार तर बंद… पण कौमुदीचं तोंड सवयीनं बोलून गेलं. "या ना. बसा."

बाई बसली नाही.

कौमुदीनं बोट कुंकवात बुडवलं, तिच्या कपाळाला लावलं. फ्रीजरच्या पत्र्याला ओलं बोट चिकटावं तसं ते चिकटलं. ओढून काढावं लागलं.

आणि तरी… तरी बाईसाहेबांच्या मनात काय आलं? की हिच्या साडीला कडकपणा कसा टिकतो.

तिनं डबा पुढे केला. बाईनं तो दोन्ही हातांनी घेतला. क्लिप उघडली. लावली. पुन्हा उघडली.

"शाळेचा आहे."

"हो."

"डबा भरून द्यायची फार हौस होती मले…" मग तिनं मान वर केली. "तुमची पोट्टी कशी आहे अभ्यासात?"

इथं गप्प राहायचं होतं. पण कौमुदी आणि गप्प?

"पहिली येते," ती म्हणाली. "पोहते. घोड्यावर बसते. इकडं तिच्या तोडीची एकही नाही."

सगळं खोटं.

बाई हसली नाही. रागावली नाही. बघत राहिली. सुनीतीच्या वरदकडे कौमुदी जशी बघायची, अगदी तशी.

"बरं झालं," ती म्हणाली. "माझ्या पोट्टीले सोबत नाही. एकटीले पुढं जाता येत नाही."

वरून आवाज आला.

"बे एके बे…"

भिंतीपलीकडून नाही. वरच्या खोलीतून. ईराचा आवाज. स्वच्छ मराठीत.

"बे दुणे चार…"

दुसरा आवाज तिच्यात मिसळला. तो ओळखीचा. दोघी मिळून. बे नवे अठरा. बे दाहे वीस.

थांबल्या.

कौमुदी जिन्याकडे वळली.

"तीन एके तीन."

ती धावली. जिन्यात साडी पायात आली, गुडघा फुटला, कळलं नाही. खोलीत पलंग रिकामा. गच्चीचं दार सताड उघडं. कठड्याशी खुर्ची. खुर्चीवर ईरा. एक पाय कठड्यावर. हात पलीकडे लांबवलेला.

पलीकडे काळोख. काळोखात फक्त एक कॉलर.

पांढरी.

कौमुदीनं ईराला कमरेशी मिठी मारली. मागं ओढलं. पोर येईना. तिच्या हाताला पलीकडून ओढ होती. जोर फार नव्हता. लहान मुलीचा असतो तेवढाच. पण सुटत नव्हती.

"तीन दुणे सहा…" ईराचे डोळे मिटलेले.

मागं जिन्याच्या तोंडाशी क्लिप उघडल्याचा आवाज झाला. लावल्याचा झाला.

काय बोलावं? देवाचं नाव आठवेना. नवऱ्याचं आठवेना. कौमुदीच्या तोंडून जे निघालं ते तिनं जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं.

"खोटं बोलली मी! पहिली नाही येत ती. पाण्याले भिते. घोड्याले भिते. तुमची पोट्टी हुशार आहे. तुमचीच पुढं आहे… ऐका ना… माझी मागं आहे. मागंच राहू द्या तिले. मले मागंच राहू द्या…"

काही नाही.

वारासुद्धा नाही.

मग ओढ सुटली. मायलेकी दोघी गच्चीवर आदळल्या. ईरा जागी झाली, रडायला लागली, हिंदीत. कौमुदीला ती हिंदी इतकी गोड कधी लागली नव्हती.

शिशिर परतला तेव्हा दाराची कडी आतून तशीच होती. डबा घरात नव्हता.

मग त्यानं चौकशी केली. शेजारचं घर एका बाईनं शाळेसाठीच घेतलं होतं. आपल्यासारखीच, बाहेरगावाहून आलेली. लेकीची अॅडमिशन झाली होती, ड्रेस शिवून झाला होता. शाळा उघडायच्या आधीच त्या मोठ्या रस्त्यावर गाडीखाली दोघी…

काकांनी वरच्या खिडकीकडे एकदा पाहिलं.

"होळीच्या आत सामान घेऊन आले ते," ते म्हणाले. "सुनीतीच्या मागच्या गल्लीत. म्हणजे इथं, माझ्याकडं भाड्यानं. ईरा वरदच्या शाळेत जाते. पास होते, बस. कौमुदी तेवढ्यावर खूश आहे. यंदा तिनं हळदीकुंकू केलं नाही. कुणाकडं गेलीही नाही."

"तो खतम?" देवश्रीनं विचारलं.

"वाण नेलं होतं ना तिनं?"

देवश्री हळूच म्हणाली, "वापस बुलाना पड़ता है…"

"ह्या संक्रांतीनंतरची गोष्ट. कौमुदी दाराले कुलूप लावून ईराले आणायले शाळेत गेली. मी इथंच होतो, ह्याच पायरीवर, मटार सोलत. वर जायले हा एकच जिना. माझ्या अंगावरून कोणी गेलं नाही."

काका उठले. देवश्रीच्या हातून मोबाइल घेतला, टॉर्च लावला आणि जिन्याच्या वरच्या दारावर धरला.

चौकटीवर, बाईचा हात सहज पोचतो तिथं, कुंकवाचं एक बोट होतं. कौमुदीनं पुसायचा प्रयत्न केला असावा. रंग पसरला होता, गेला नव्हता.

काकांनी उजेड हळूहळू खाली आणला. कडीच्याही खाली. ईराचा हात पोचतो तिथपर्यंत.

तिथं दुसरं बोट होतं. छोटं. आणि ओलं.