सव्वाचारला बंद पडणारा कॉम्प्युटर

"ब्रेक मार! चैताली, वळण आलंय, ब्रेक!" बंटी खुर्चीच्या पाठीवर चढून ओरडत होता.

चैतालीने ब्रेक मारला. गाडी वळणावरून सुळकन निघाली. पुढे आता एकच गाडी उरली होती, आणि... खट्! पडदा काळाठिक्कर! कॅबिनेटमधला पंखाही घरघरत थांबला.

"गेला परत!" स्नेहाने कपाळावर हात मारला.

स्नेहा आणि बंटी ही समोरच्या फ्लॅटमधली भावंडं. मे महिन्याच्या सुट्टीत तिघांचा मुक्काम चैतालीच्या घरी, या टेबलापाशीच असायचा. कॉम्प्युटर तिच्या बुद्धभूषणदादाचा. दहावीच्या सुट्टीत त्याने एकेक भाग जमवून तो स्वतः जोडला होता. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, तेव्हा म्हणाला होता, "आजपासून हा तुझा. सांभाळ." पण आता कॉम्प्युटरला सात वर्षं झाली होती. बॅटरीवाला यूपीएस तर कधीच मेला होता. वायर सरळ भिंतीतल्या प्लगात जायची.

संध्याकाळी पप्पा ऑफिसातून आले, तेच जाहिरातीचा कागद घेऊन.

"द्वारका चौकातल्या दुकानात एक्स्चेंज ऑफर आहे. जुना द्यायचा, नवा आणायचा. रविवारपर्यंतच!"

"नवा! आतून लाल-निळे दिवे लागणारा!" बंटीने उडीच मारली.

चैतालीने मात्र कॉम्प्युटरवर हात ठेवला. दादाने जोडलेला कॉम्प्युटर भंगारात जाणार? "पप्पा, आधी गेणूदादांना दाखवू ना. नुसता एकच भाग खराब असेल तर?"

गेणूदादांचं दुरुस्तीचं दुकान द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. त्यांनी तीन तास तोच गाड्यांचा गेम चालवला. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही!

"माझ्याकडे तर मस्त पळतोय," ते डोकं खाजवत म्हणाले. "बिघाडच दिसत नाही, तर दुरुस्त काय करू?"

रिक्षातून कॉम्प्युटर घरी आला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा खट्! चैतालीने सहज घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार. त्याच्या दुसऱ्या दिवशीही सव्वाचार.

"भूत आहे त्यात," बंटी कुजबुजला.

"भूत काय घड्याळ लावून येतं होय?" स्नेहा हसली.

चैताली हसली नाही. "दुकानात चालतो, आमच्या घरात बंद पडतो, आणि तोही ठरलेल्या वेळी. म्हणजे दोष कॉम्प्युटरमध्ये नाहीच! उद्या सव्वाचारला या इमारतीत काय होतं, ते बघायचं."

तिघांनी जागा वाटून घेतल्या. स्नेहा तिच्या घरात, चैताली जिन्यात, बंटी खाली पार्किंगमध्ये. बरोबर सव्वाचारला स्नेहा ओरडली, "आमचा पंखा मंदावला!" आणि खालून बंटी, "पंप सुरू झाला!" चैतालीला उलगडलं: पंप सुरू होताना इतकी वीज ओढतो, की घरातला दाब पडतो आणि कॉम्प्युटर बंद!

इमारतीचे सेक्रेटरी कारभारीकाका. त्यांनी मेच्या सुरुवातीला टाकीसाठी मोठी मोटर बसवली होती. टायमरही लावला होता. वायरिंग मात्र घरच्या घरी, स्वतःच केलं होतं. तिघं जिन्याखालच्या मीटररूमकडे धावली. दार उघडंच होतं. आत जळक्या रबराचा वास! वायरीच्या जोडावरची टेप वितळून काळी पडलेली, आणि त्याच्या खालीच कांद्याच्या रिकाम्या गोण्यांचा ढीग! काकांनी सायखेड्याच्या शेतावरून आणून ठेवलेल्या.

बंटी आत शिरणार, तोच चैतालीने त्याची कॉलर धरून मागे ओढलं. "कुणीही आत जायचं नाही!"

कारभारीकाकांना सांगितलं, तर ते हसले. "पोरी, तुझा डबाच लय जुना हाय. त्याला दे टाकून. माझ्या वायरिंगला काय बी झालं नाय!"

चैतालीचे कान तापले. पण ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी चारला बंटीला खाली पहाऱ्यावर ठेवून ती स्नेहाला घेऊन त्यांच्या दारात हजर! काका टीव्हीवर मॅच बघत होते.

"काका, पैज! बरोबर सव्वाचारला तुमचा टीव्ही बंद पडणार."

"हा? नवाकोरा हाय तो!"

"म्हणूनच तर पैज!"

सव्वाचार झाले. पंखा मंदावला. फलंदाजाने बॅट उचलली, आणि टीव्ही खट्!

काकांनी रिमोट दोनदा दाबून पाहिला. इतक्यात खालून बंटीची किंकाळी आली, "धूर! मीटररूममधून धूर येतोय!"

सगळे धडाधड खाली पळाले. गोण्यांची कड धुमसत होती. काकांनी घाईघाईने पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको काका! करंट आहे!" चैताली किंचाळली. पंपाचं बटण बाहेर, जमिनीतल्या टाकीजवळच्या भिंतीवर होतं. ती धावली आणि तिने बटण बंद केलं. स्नेहा आणि बंटी फाटकाजवळच्या ढिगातली वाळू घमेल्यांत भरून आणत होते. काकांनी दारातूनच ती गोण्यांवर भराभर टाकली. धूर विरला. काका मटकन पायरीवर बसले.

वीज कंपनीचा माणूस आला. वायर बघून म्हणाला, "दहा मिनिटं उशीर झाला असता, तर जिना पेटला असता. वरच्या लोकांनी उतरायचं कुठून?"



रात्री सगळी इमारत पार्किंगमध्ये जमली. काका उभे राहिले. "चूक माझीच हाय. पोरांनी सांगितलं, मी ऐकलं नाय. या तिघांनी आज आपल्याला वाचवलं." टाळ्या थांबेनात! बंटी तर इतका लाजला, की चैतालीच्या आईच्या मागे जाऊन लपला.

इमारतीचं वायरिंग नवं झाल्यावर शनिवारी गेणूदादा स्वतः घरी आले. "रोज असा झटका बसून पॉवर सप्लाय थकलाय, तेवढा बदलू. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी लावू, रॅम वाढवू. प्रोसेसर अजून ठणठणीत आहे. नवे जड गेम नाही चालायचे, पण हिच्या गाड्या आरामात पळतील."

"दिवे नाहीत?" बंटीने विचारलं.

"दिवे नाहीत!" सगळे एकदम म्हणाले.

चैतालीने स्वतः स्क्रू फिरवले. व्हिडिओ कॉलवरून दादा सांगत होता, "हलक्या हाताने... बसला की टक् आवाज येईल." टक्! तिने बटण दाबलं. किती वेळात सुरू होतो, ते बघायला स्नेहा आकडे मोजू लागली. ती सातवर आली, आणि पडदा उजळला!

पप्पांनी एक्स्चेंजचा कागद घडी करून केराच्या टोपलीत टाकला. मग चैतालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी जाहिरात वाचून ठरवणार होतो. तू शोधून ठरवलंस. या घरात पुढे नवा कॉम्प्युटर कधी घ्यायचा, ते आता तू सांगायचं, बाळा."