मधुकरकाकांचं नाव निघेना

खोटं वाटत असेल तर वाटू दे. पण हे घडलंय. अंधेरी एमआयडीसीत, एका शनिवारी, भर दुपारी.

श्रुतिका परब तिथल्या एका छोट्या कंपनीत टेस्टर. कुठल्याशा डायलिसिस सेंटरचं जुनाट जावा सॉफ्टवेअर तिच्या गळ्यात मारलेलं. त्याची तपासणी एक स्क्रिप्ट करते. कर्सर आपोआप फिरतो, बटणं दाबतो आणि सगळं नीट झालं की हिरवी पट्टी येते.

कित्येक दिवस ती लालच येत होती. सोमवारपर्यंत हिरवी झाली नाही तर श्रुतिकाची नोकरी पक्की होणार नव्हती.

घोडं शेवटच्या पायरीवर अडायचं. पेशंटचं नाव यादीतून काढताना 'नक्की काढायचं?' असा प्रश्न यायचा. स्क्रिप्टने 'हो' दाबायचं... आणि टेस्ट तिथेच बोंबलायची.

तिने स्क्रीनसेव्हर बंद केला. थांबायची वेळ वाढवली. जावाची आवृत्ती बदलली.

लाल. लाल. लाल!

"माऊसला हात लावलास ना तू?" ती शेजारच्या टेबलावरच्या हर्षदवर खेकसली.

"मी? यार, मी इथे डबा खातोय!"

तिने माऊसची वायरच उपटली. पुन्हा टेस्ट चालवली.

कर्सर 'हो'कडे निघाला...

मध्येच थांबला...

आणि हळूच 'नाही'वर गेला.

क्लिक.

हर्षदचा घास हातातच राहिला. "श्रुतिका... पेशंटचं नाव काय आहे गं?"

"जुनंच आहे. मधुकर तांडेल."

"अगं, ते मधुकरकाका! तुझ्याआधी ह्याच खुर्चीवर बसायचे. टेस्टला नाव हवं म्हणून स्वतःचंच टाकलं असणार, आपण सगळेच टाकतो तसं. होळीच्या आसपास वारले ते."

श्रुतिकाने खुर्ची झटकन मागे सारली. पण भीतीपेक्षा वैताग मोठा होता. गेलेल्या माणसापायी नोकरी घालवायची? तिने स्क्रिप्टमधलं नाव खोडलं आणि रागारागात स्वतःचं ठोकलं.

कर्सर सरळ 'हो'वर गेला.

हिरवी!

नोकरी पक्की झाली. घरी पेढे आले. मग एक दिवस तिने गुपचूप नाव बदलून पाहिलं. 'अबक' टाकलं... कर्सर 'नाही'वर, लाल. हर्षदचं टाकलं... पुन्हा 'नाही', लाल. तिचं स्वतःचं टाकलं तरच हिरवी.

आता रोज जेवणाच्या सुट्टीत ती टेस्ट चालते. श्रुतिका डबा न उघडता समोर बसून राहते. एकदा तरी तो कर्सर अडखळेल, 'नाही'कडे वळेल म्हणून...

रोज यादीतून तिचं नाव जातं. कोणीच अडवत नाही.