ताणावरचं झाड

रामाकोन्याला बस बंद पडली. बॅग घेऊन खाली उतरले, तर समोर रोशन. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर संत्र्याची कलमं बांधलेली. आमच्या बागेला लागूनच त्याची बाग.

"मृणाल? घरी चालली?"

"हो. उद्या बाबांचं वर्षश्राद्ध."

"माहीत आहे." त्यानं कलमं सोडून पुढे टाकीवर घेतली. "बस. पण धरून बस, रस्ता खराब आहे."

"चांगला तर दिसून राहिला मला."

"मग तुझ्या मर्जीनं धर."

मी हसू दाबलं. डिसेंबरचं ऊन, कलमांचा ओला वास… आमचं सौंसर फार लवकर आलं.

गेल्या वर्षी, बाबा जायच्या आठवडाभर आधी त्यानं मला लग्नाचं विचारलं होतं. उत्तर राहूनच गेलं. नंतर मी एवढंच म्हणाले, "सध्या मला काही विचारू नकोस." त्यानं खरंच विचारलं नाही. साधा फोनही नाही! नागपूरला मी तो राग जपत बसले. आणि रागाखाली भीती — विसरला असेल तर?

आईनं त्याला चहाला थांबवलं आणि कपाटातून बाबांचा डबा काढला. "एक डाव होऊ दे."

बगीचा. बाबांनी जुन्या लग्नपत्रिका कापून, कोऱ्या बाजूला चित्रं काढून केलेला पत्त्यांचा खेळ. कलम लावायचं, खत घालायचं, गारपीट सोसायची. संत्र्याला बहार हवा तर आधी पाणी तोडावं लागतं. म्हणून त्यात 'ताण'चं पान. ते टाकलं की एक फेरी झाड कोरडं ठेवायचं, मग पाणी, मग फुलं, म्हणजे डब्यातलं 'बहार'चं पान. मध्येच पाणी पडलं तर नुसती पालवी. विहीर सामाईक, त्यामुळे शेजाऱ्यालाही पाणी देता येई, कधीही.

आणि रोशन दर रविवारच्या डावात माझ्या ताणावरच्या झाडाला पाणी देऊन मोकळा व्हायचा.

"अबे, पोरीचा बहार घालवला तू!" बाबा ओरडत.

"काका, सुकून राहिलं होतं ते. पाहवत नाही."

आईनं सवयीनं चार जागी पानं वाटली. मग एक गड्डी उचलून हळूच डब्यात ठेवली.

मी ताण टाकला. आईनं खत. रोशनच्या हातात पाण्याचं पान होतं. पानामागचा, पत्रिकेवरचा कान फाटलेला गणपती मी लगेच ओळखला. त्यानं दुसरंच पान टाकलं.

"आज पाणी नाही?"

"नाही."

"झाड सुकून राहिलं ना…"

"काकांनी शेवटी शेवटी शिकवलं मले. ताणावरच्या झाडाशी घाई नाही करायची." त्यानं वर पाहिलं नाही. "जड जाते. पण बांधावरून पाहत राहायचं. बस."

"वर्षभर?"

"…वर्षभर."

"चहा उतू जाऊन राहिला वाटते," म्हणत आई उठली. चहा आमच्या समोर कपांत होता.

फेरी पुरी झाली होती. पाळी माझी.

"रोशन — माझ्याकडे पाणी नाही."

"मागून राहिली का?"

"हो. दे आता."

त्यानं गणपती उलटा करून माझ्या झाडावर ठेवला. बहारचं पान मी डब्यातून डाव्या हातानंच शोधलं; उजवा त्याच्या हातात होता.