सतरा जादा सोडती

"चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय बाई, आणि माझी पोरगी तोंडच उघडत नाही!"

शेजारची नांटोंगो रडत आली तेव्हा नाबुकीरा केळी सोलत होती. पोलिसातून निवृत्त झालेल्या बाईला लोक सुखानं जेवू देत नाहीत.

पोरगी म्हणजे नामाटोवू, कासोंको अभयारण्याच्या चौकीवर संगणक चालवणारी. शिकारी गस्तीची वाट पाठ करतात, म्हणून रोजची वाट संगणक सोडतीनं काढायचा. एकूण नऊ विभाग. जनावरं जास्त तिथली चिठ्ठी जास्त वेळा निघे, पण एकही विभाग कायमचा वगळला जात नसे. सकाळी सहाला चिठ्ठी, सहा-दहाला तुकडी बाहेर. तरीही ऐंशी दिवसांत एकही फास सापडला नव्हता, आणि पायात तार रुतलेली हरणं मात्र लंगडत रस्त्यावर येत होती. सोमवारी नामाटोवूला फितुरीच्या आरोपाखाली कोर्टात उभं करणार होते.

नाबुकीरा आपल्या मावसभावाला, लुतालोला, घेऊन चौकीवर गेली. तो गणिताचा मास्तर होता, हे त्याच्याकडे पाहून पटत नसे.

अधिकाऱ्यानं नोंद पुढे केली. "ऐंशी दिवस, सत्त्याण्णव सोडती! हवी ती चिठ्ठी येईपर्यंत बटण दाबायची आणि शिकाऱ्यांना कळवायची."

"झालं! पकडलीच की," लुतालो म्हणाला.

"कळवायची कशी?" नाबुकीरानं विचारलं.

"तेच सापडत नाही. फोन तर दारातच जमा होतात."

गस्तीचा नायक काग्ग्वा मान खाली घालून उभा होता. त्याच्यामागच्या नकाशावर गस्तीच्या पेन्सिल-खुणा होत्या.

"दलदलीचा भाग कोराच? वर्गात असली वही मी तोंडावर फेकली असती," लुतालो म्हणाला.

"आमच्या मुवांगाला तिथेच रानम्हशीनं मारलं. मार्चमध्ये," काग्ग्वा पुटपुटला.

नामाटोवू कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. "मला काही विचारू नका," एवढंच ती बोलली.

तिथून ते मुवांगाच्या वडिलांकडे, म्हाताऱ्या सेमाकुलांकडे गेले. अंगणात चार नातवंडं जेवत होती. सून दुसरं लग्न करून निघून गेली होती. म्हाताऱ्यानं पाहुण्यांनाही वाढलं.

"बुधवारी मांसाचा रस्सा! देव भलं करो," लुतालो बोटं चाटत म्हणाला.

"पोराचं दुखवटा सोडायचं शेवटचं कार्य झालं का, आजोबा?" नाबुकीरानं विचारलं.

"कुठलं! भाऊबंद दोनदा जमले, दोनदा परत पाठवले. कार्याला लागणारी केळ्याची दारू आंबतच नाही."

"आंबत नाही? एका भोपळ्यात माझं डोकं गरगरतंय!" लुतालोनं दारूचा रिकामा भोपळ्याचा पेला खाली ठेवला.

नाबुकीरा हसली नाही.

रविवारी तिनं सगळ्यांना, म्हाताऱ्या सेमाकुलांनाही, चौकीत बोलावलं.

"चिठ्ठीनंतर दहा मिनिटांत कुणी फास हलवू शकत नाही. म्हणजे आज गस्त कुठे, हे शिकाऱ्याला कळायची गरजच नव्हती. कुठे कधीच जाणार नाही, एवढं पुरे. काग्ग्वा, दलदलीची चिठ्ठी सतरा वेळा निघाली, आणि सतराही वेळा तू म्हणालास, पुन्हा दाब."

"आम्ही आजोबांसमोर मुवांगाच्या मातीवर शपथ घेतली होती," काग्ग्वाचा आवाज फुटला. "शेवटचं कार्य होईपर्यंत तिथे पाय ठेवायचा नाही. पोरगी माझी नोकरी वाचवत होती."

"कार्य झालं की शपथ सुटणार. मग दारू आंबलेली असताना ते कोण पुढे ढकलत होतं?"

सगळ्यांनी सेमाकुलांकडे पाहिलं.

"चार तोंडं आहेत," म्हातारा म्हणाला. "मला फास लावण्यापलीकडे काही येत नाही. मुवांगा माझ्या त्याच धंद्याला लाजून रक्षक झाला. दुसरीकडे लावले असते तर त्याच्या दोस्तांशी गाठ पडली असती. ते मला नको होतं."

नामाटोवू सुटली. आईनं मिठी मारली, पण ती नाबुकीराकडेच पाहत होती. "काग्ग्वादादांची नोकरी गेली, आजोबा आत गेले. मी गप्प होते तेच बरं होतं ना?"

"तू आत गेली असतीस, बाळा."

"मग काय करायला हवं होतं?"



सोमवारी कोर्टाची गाडी ठरल्या वेळी आली. म्हातारा चढल्यावर थोरली नात नाबुकीराजवळ येऊन म्हणाली, "आजोबांनी सांगितलंय, तुम्ही हुशार आहात, तुम्हाला विचारायचं. धाकट्याला भूक लागली की काय करू?"

नाबुकीरा तिथेच खाली बसली.